चवथीची माटोळी : पेडण्यात आणि बेंगळुरूत



मागच्या वर्षी गणेश चतुर्थीला मी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर आमच्या गोव्याच्या घरातल्या गणपतीचा फोटो टाकला. बाप्पापेक्षा त्याच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीबद्दलच जास्त प्रश्न आले. "हे काय टांगलंय?" "फळं खरी आहेत की प्लास्टिकची?" आणि एका मित्राने विचारलं, "डेकोरेशन कुठून मागवलंस? लिंक पाठव."

लिंक नाही, म्हणून हा लेख.

त्या चौकटीला माटोळी म्हणतात. लाकडाची किंवा बांबूची आयताकृती चौकट, मध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि त्यांना बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, केळी, काकड्या, रानफळं, शेंगा, पानं आणि फुलं. मूर्ती बसवायच्या आदल्या दिवशी ती बांधून छताला टांगतात आणि तिच्याखाली गणपती बसतो. सिंधुदुर्गातही ही पद्धत आहे; तिकडे कुणी तिला माटवी म्हणतात. गोव्यात मात्र माटोळीशिवाय चवथ झाली असं कुणी म्हणणार नाही. मखर साधं असलं तरी चालतं, माटोळी हवीच. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय तर दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं आणि त्यात शेकडो प्रकारची फळं-पानं बांधणारी घरं असतात.

आमचं घर पेडणे तालुक्यातल्या वारखंडचं. मी फर्मागुडीला बी. ई. केलं आणि नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, त्याला आता बारा वर्षं होतील. चवथीला मी दरवर्षी घरी जातो. पण खरं सांगायचं तर दरवर्षी मी माटोळीचा फोटो काढत होतो, ती बांधत नव्हतो. बांधायचे ते थोरले काका. आम्ही सगळी भावंडं त्यांना अप्पा म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुलैत त्यांचा फोन आला. घरात आम्ही कोकणी बोलतो; इथे मराठीत लिहितो. "या वर्षी दोन दिवस आधी ये. माझ्याने सडा चढवणार नाही."

चोर्ल्याचा उतार

चवथ शनिवारी, ७ सप्टेंबर २०२४ला होती. आम्ही बुधवारी रात्री गाडीने निघालो. बायको नाशिकची, लेक आठ वर्षांची. हुबळी, धारवाड, बेळगाव मागे टाकून सकाळी चोर्ला घाटात शिरलो. ज्यांनी पावसाळ्यात हा घाट पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी पाहावा. धुकं, रस्त्याच्या कडेने वाहणारं पाणी, आणि इतके हिरवे रंग की लेकीने मोजायला सुरुवात केली आणि अकराव्या हिरव्याला सोडून दिलं.

घाट सत्तरी तालुक्यातल्या केरीला उतरतो. पुढे साखळी, मग डिचोली. वाटेवर लाल मातीचे उघडे कडे दिसतात, त्या लोहखनिजाच्या खाणी. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी एकदम बंद झाल्या. पुढे काही पुन्हा सुरूही झाल्या, पण खोदलेला डोंगर काही परत उगवला नाही. त्या डोंगरांवरही माटोळीचं सामान उगवत असणारच. हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं, दोन दिवसांनी आलं.

या भागाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण माटोळीशी त्याचा संबंध आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टी हा गोवा सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेला. १५६०ला सुरू झालेलं इन्क्विझिशन १८१२ला कायमचं संपलं. त्या काळात तिथे मूर्ती ठेवणं जिवावरचं होतं. म्हणून काही घराण्यांनी कागदावरचा किंवा पत्रीचा, म्हणजे झाडपाल्याचा, गणपती पुजायला सुरुवात केली आणि त्यांच्या घरांत आजही तो तसाच पुजतात. डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांच्या हाती आले ते १७८०च्या दशकात, बऱ्याच उशिरा. म्हणून दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आणता आलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. मूर्ती ठेवता येवो न येवो, घराजवळच्या पाना-फळांनी देव सजवायचा, ही सवय मात्र दोन्हीकडे टिकली.

डिचोलीचा बाजार

चवथीच्या दोन-तीन दिवस आधी डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो. आजूबाजूच्या गावांतल्या बायका पहाटे रानातून तोडून आणलेलं सामान रस्त्याच्या कडेला मांडून बसतात. लाल चेंडूसारखी कवंडळं. कांगल्याचे, म्हणजे मालकांगुणीचे घोस. वाळल्या की खुळखुळणाऱ्या घागऱ्या. दोन शिंगं जोडल्यासारखी नागलकुड्याची फळं. पांढऱ्या पानाची शेरवड. त्यांच्या शेजारी पपनस, नीरफणस, आंबाडे, चिबूड, ओल्या सुपारीचे घोस.

अप्पांनी फोनवर बजावलं होतं, "पपनस आण. माट्टीची फळं मिळाली तर आण. बाकी काही घेऊ नकोस." माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. आमच्या बाजूला जवळपास त्याचं मोठं झाड उरलेलं नाही, म्हणून तेवढं बाजारातून आणायचं.

पण बाजारात गेलेला बेंगळुरूचा माणूस यादीवर थांबतो का? मी सगळंच घेतलं. कवंडळं, घागऱ्या, आणि कांगल्याची एक भलीमोठी वेल, घोसांसकट गुंडाळलेली. लेक खूश. डिकी भरली. अस्नोड्यावरून कोलवाळच्या पुलावर शापोरा ओलांडून धारगळमार्गे दुपारी घरी पोचलो. वाटेत लेकीने पेडण्याच्या भगवतीच्या देवळासमोरचे दोन दगडी हत्ती पाहायचा हट्ट केला, तोही पुरवला.

मी ओसरीवर सामान मांडलं. अप्पांनी पपनसं हातात घेऊन वजन पाहिलं, माट्टीची फळं बाजूला ठेवली. मग कांगल्याची वेल उलगडत शेवटापर्यंत गेले. टोकाला मुळं होती, मातीसकट.

अप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ही जिथून आणली तिथे पुढच्या वर्षी काही नसणार."

मला वाटलं होतं की बाजारातून आणलं म्हणजे अप्पांचे कष्ट वाचवले. ज्या बाईने ती वेल विकली तिला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्यासारखे शंभर लोक भरलेली डिकी घेऊन घरी जातात, म्हणून वेल मुळासकट निघते.

सडा

शुक्रवारी सकाळी पाऊस थोडा थांबल्यावर आम्ही तिघं निघालो. अप्पा काठी घेऊन, लेक पिशवी घेऊन, मी कोयता आणि मोबाईल घेऊन. मोबाईल यासाठी की मी एक यादी करायची ठरवलं होतं. नाव, फोटो, जागा, महिना. इंजिनिअर माणूस, दुसरं काय सुचणार?

आमच्या मागे सडा आहे, म्हणजे जांभ्याचं पठार. त्याचा वरचा भाग आता मोपा विमानतळाच्या कुंपणात आहे. जानेवारी २०२३पासून तिथून विमानं उडतात. मीही घाईच्या वेळी त्याच विमानतळावर उतरतो आणि दहा मिनिटांत घरी पोचतो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पण अप्पा लहानपणी ज्या वाटेने कवंडळं आणायला जायचे ती वाट आता कुंपणाला टेकून संपते. म्हणून आम्ही उताराच्या बाजूलाच फिरलो.

अप्पांच्या चालण्यात एक पद्धत होती, ती मला तासाभराने कळली. ते आधी हाताला लागणारं झाड कधीच तोडत नव्हते. आधी पुढे जायचं, एकाच जातीची तीन-चार झाडं पाहायची, मग परत येऊन त्यातल्या भरलेल्या झाडावरून घ्यायचं. कांगल्याची वेल एका कुंब्याच्या झाडावर चढली होती. मी हात घालणार तोच ते म्हणाले, "ओढू नको. घोसाच्या वर बोटभर ठेवून काप. दोन घोस घे."

"तिसरा पण पिकलाय, अप्पा."

"तो पाखरांचा."

लेकीने लगेच नियम पाठ केला. त्यानंतर प्रत्येक झाडापाशी ती आधी मोजायची आणि पाखरांचा वाटा जाहीर करायची. एका ठिकाणी एकच कवंडळ होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी अप्पांकडे. आम्ही ते सोडून पुढे गेलो.

परतताना अप्पांनी केवणीच्या दोन फांद्या कापून त्यांची साल सोलली. केवण म्हणजे मुरुडशेंग, पिळलेल्या दोरीसारख्या शेंगांची. तिच्या सालीच्या धाग्याचा दोर होतो. माझ्या खिशात नायलॉनची सुतळी होती, ती मी मुकाट्याने आत ढकलली.

गाठ

संध्याकाळी माजघरात बांधायला बसलो. आमची चौकट पोफळीच्या रिपांची आहे, साधारण चार फूट बाय तीन फूट. आजोबांनी केलेली चौकट वाळवीने गेली, ही अप्पांनी केली. चवथ झाली की ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात, धुराने टिकते.

बांधण्यातलं शास्त्र ऐका. साल आधी पाण्यात भिजवायची. ओली असताना ती मऊ असते, हवी तशी वळते. वाळताना आवळते आणि गाठ आपोआप घट्ट होते. पहिला मान नारळाचा. जड वस्तू जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथेच बांधायची, पट्टीच्या मधोमध नाही. या टोकाला नारळांची जोडी आली तर समोरच्या टोकाला तेवढ्याच वजनाचं काही हवं, म्हणून पपनस. सुपारीचे घोस आणि केळी मधल्या रांगेत. मग काकडी, दोडकी, भेंडी. हलकी रानफळं आणि शेंगा शेवटी, मोकळ्या जागा भरायला. आंब्याच्या डहाळ्या आणि हळदीची पानं सगळ्यात शेवटी, म्हणजे गाठी झाकल्या जातात.

अप्पा खुर्चीत बसून सांगत होते. मी, चुलतभाऊ आणि दोन वहिन्या बांधत होतो. आई दर पाच मिनिटांनी येऊन "डावीकडे रिकामं दिसतंय" असं सांगून जात होती. बायकोने पहिल्यांदाच माटोळी बांधली. तिने नागलकुड्याची फळं एकाआड एक अशी ओवली की अप्पांनी खुर्ची जवळ घेतली.

रात्री अकराला चौकट वर चढवली, चार कोपरे छताच्या कड्यांना बांधले. सगळे झोपले. दोन वाजता धप्प असा आवाज आला. घरभर दिवे लागले. एक नारळ जमिनीवर. गणपती सकाळी येणार होता म्हणून बरं, त्याची जागा रिकामी होती. कुणी काही बोललं नाही, पण तो कोपरा माझा होता हे सगळ्यांना माहीत होतं. मी एकच वेढा घेऊन गाठ मारली होती.

अप्पा काठी टेकत आले. स्टुलावर चढायला त्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांनी लेकीला स्टुलावर उभं केलं, मी तिला धरलं, आणि अप्पांनी खालून सांगितलं, "दोन वेढे घे. आता खालून वर. ओढ. अजून ओढ." तिने बांधलेला नारळ पाच दिवस हलला नाही. तो खोबऱ्यासाठी सोडवताना कोयता लागला.

शनिवारी सकाळी चित्रशाळेतून मूर्ती आणली. आमच्याकडे मूर्तिकाराकडे महिनाभर आधी घरचा पाट नेऊन देतात आणि त्याच पाटावर चिकणमातीचा गणपती घडून घरी येतो. मूर्ती माटोळीखाली बसली तेव्हा लेक मान वर करून उभी होती. बाप्पाकडे नाही, नारळाकडे बघत.

आपल्या घरी करायची झाली तर

फ्लॅटमध्ये चार फुटांची चौकट टांगता येणार नाही. दोन फूट बाय दीड फूट पुरे. यंदा जूनच्या एका शनिवारी आम्ही बेंगळुरूला सराव म्हणून अशी लहान माटोळी बांधली, ती पद्धत देतो.

चौकट : बांबूच्या चार काड्या आणि मध्ये दोन आडव्या, दोन उभ्या. प्रत्येक छेदावर तागाच्या सुतळीने फुलीसारखी गाठ. खिळे किंवा गोंद नको, म्हणजे पुढच्या वर्षी सोडवून पुन्हा बांधता येते.

टांगणं : पडद्याची जाड दांडी किंवा छताचा हूक. आधी दोन लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही टोकांना टांगून रात्रभर ठेवा. टिकलं तरच फळं बांधा. (अनुभवाचे बोल.)

सामान : एक नारळ मध्ये, तोही छेदावर आणि दोन वेढ्यांनी. केळ्यांची लहान फणी, काकडी, मिरच्या, लिंबं, सुपारीचा घोस मिळाला तर उत्तम. बाकी जागा आपल्या आवारातल्या झाडांखाली पडलेल्या शेंगा, फळं आणि पानांनी भरा.

काळजी : रानातली अनेक फळं विषारी असतात, कवंडळही खायचं नसतं. मुलांना गोळा करू द्या, पण तोंडात काही घालायचं नाही आणि नंतर हात धुवायचे. विसर्जनानंतर खाण्याजोगं ते वाटून टाका. आमच्याकडे भाज्या खतखत्यात जातात. उरलेलं खतात.

एकच नियम आमच्या घरचा : ज्याचं नाव माहीत नाही ते बांधायचं नाही. आधी नाव शोधायचं, मग गाठ.

यादीचं काय झालं?

माझी मोबाईलमधली यादी एकतीस नावांची झाली. मला फार अभिमान होता. दिवाळीत अप्पांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात कवंडळ लाल कधी होतं ते काय लिहिलंयस?"

"सप्टेंबर."

"आणि चवथ ऑगस्टात आली तर?"

मंडळी, हा माझ्या प्रोग्रॅममधला बग. २०२३ला चवथ १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला, आणि यंदा २०२५ला ती २७ ऑगस्टला आहे. झाडांना आपलं पंचांग माहीत नाही. चवथ लवकर आली की कवंडळं हिरवीच असतात, तेव्हा सावलीतली सोडून उन्हाच्या उतारावरची पाहायची. हे अप्पांना दर वर्षी फिरून कळलं. यादीत मी "कुठे" आणि "कधी" लिहिलं होतं. "नाही मिळालं तर कुठे पाहायचं" आणि "किती सोडायचं" हे लिहायचं राहिलं होतं. आता त्यासाठी दोन नवे रकाने केले आहेत. ते भरायला मात्र सड्यावरच जावं लागणार. अप्पा यंदा पायथ्याशी दगडावर बसणार आहेत. वर मी आणि लेक.

शेवटी जूनमधल्या त्या शनिवारचं सांगतो. सरावाच्या माटोळीसाठी लेक सोसायटीच्या आवारात शेंगा गोळा करत होती. तिने चपट्या, तपकिरी, होडीसारख्या शेंगा आणल्या. मला नाव येईना. नियम म्हणजे नियम, तिने त्या बाजूला ठेवल्या आणि माळीकाकांना विचारून आली. "होंगे म्हणतात, बाबा." मग तिने अप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि शेंग कॅमेऱ्यापुढे धरली.

अप्पांनी चष्मा लावला. "ही तर करंज. आपल्या ओहोळावर आहे ना, तीच."

मी त्या झाडाखाली रोज गाडी लावतो. सहा वर्षं झाली.

लेकीने शेंग बांधली. दोन वेढ्यांनी. आणि उरलेल्या झाडाखाली ठेवून आली.